मणक्यातल्या पाण्यात ट्रेम-२ वाढलं, तर ते चांगलं की वाईट?

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिने लिहिलंय: "मॅडम, मेंदूतल्या मायक्रोग्लिया (साफसफाई आणि राखण करणाऱ्या) पेशींवरचा ट्रेम-२ रिसेप्टर (बाहेरचा संकेत धरणारं प्रथिन) एडॅम एन्झाइमं कापतात, त्यामुळे पेशीचा सिग्नल मंदावतो, आणि म्हणून कापणं थांबवणारी अँटिबॉडी बनवली, असं एका पेपरात वाचलं. दुसऱ्या पेपरात ज्यांच्या सीएसएफमध्ये (मेंदू-मणक्याभोवतीच्या पाण्यात) कापलेलं ट्रेम-२ जास्त, त्या अल्झायमरच्या पेशंटची स्मरणशक्ती सावकाश घसरते असं आहे. मग कापणं चांगलं की वाईट? दोघांपैकी चुकलं कोण?"

चुकलं कोणी नाही. गोंधळ झालाय तो एकाच आकड्याकडून दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं मागितल्यामुळे. मी बारा वर्षं मायक्रोग्लिया वाढवतेय आणि त्यांच्या पाण्यात काय काय गळून पडतं ते मोजतेय. पहिली दोन वर्षं मीही हीच गफलत करत होते.

गुऱ्हाळ पाहिलं असशील. चरकाशेजारी चिपाडांचा ढीग पडलेला असतो. त्या ढिगावरून ऊस किती आला आणि चरक किती फिरला एवढं कळतं. गूळ कसा उतरला ते कळत नाही. ढीग लहान असेल तर ऊसच आला नाही, की ऊस अंगणात पडून आहे आणि चरक अडकलाय, हेही नुसत्या ढिगावरून सांगता येत नाही. सीएसएफमधलं विरघळलेलं ट्रेम-२ म्हणजे हे चिपाड. मनात एवढं धरून पुढे वाच.

आधी रिसेप्टर नीट बघू. ट्रेम-२ हे २३० अमिनो आम्लांचं प्रथिन. पेशीबाहेर त्याचं डोकं, इम्युनोग्लोब्युलिनसारख्या घडीचं. त्याखाली लवचीक देठ, मग पेशीच्या पटलातून आरपार जाणारा तुकडा, आणि आत जेमतेम शेपूट. त्या शेपटात सिग्नल पुढे नेण्याची काहीच सोय नाही. म्हणून ट्रेम-२ एकटं काम करू शकत नाही, त्याला डॅप-१२ हा जोडीदार लागतो. ट्रेम-२च्या पटलातल्या तुकड्यात १८६ व्या जागी लायसिन आहे, धन भाराचं. डॅप-१२च्या पटलातल्या भागात ॲस्पार्टिक आम्ल आहे, ऋण भाराचं. तेलकट पटलाच्या आत हे दोन भार एकमेकांना धरून ठेवतात. बाहेर डोक्याला काही चिकटलं, म्हणजे मेलेल्या पेशीचं लिपिड, अपोई (चरबी वाहून नेणारं प्रथिन), अल्झायमरमध्ये मेंदूत साठणाऱ्या अमिलॉइड प्रथिनाचा गठ्ठा यांपैकी काही, आणि रिसेप्टर एकत्र गोळा झाले, की डॅप-१२च्या शेपटावर फॉस्फेट बसतं, सिक नावाचं कायनेज (फॉस्फेट चढवणारं एन्झाइम) तिथे येऊन जागं होतं, आणि तिथून पीआय-३ कायनेज, फॉस्फोलायपेज सी-गॅमा-२ अशी साखळी पुढे जाते. शेवटी पेशी जगते, हलते, खाते, आणि अमिलॉइडच्या गठ्ठ्याभोवती कडं करून बसते.

आता कात्री. देठावर १५७ व्या हिस्टिडिन आणि १५८ व्या सेरीनच्या मध्ये काप बसतो. २०१७ मध्ये वेगवेगळ्या गटांनी स्वतंत्रपणे हीच जागा शोधून काढली, त्यामुळे तिच्याबद्दल वाद नाही. कापणारी मुख्य दोन: एडॅम-१० आणि एडॅम-१७. दोन्ही जस्त धरून काम करणारी मेटॅलोप्रोटिएज. एडॅम-१० रोजचं काम करतं, कोणी न सांगता. एडॅम-१७ चेव आला की जोरात येतं. तुमच्या प्रयोगशाळेत पीएमए हे पेशींना चेतवणारं रसायन घातल्यावर जी उसळी दिसते ती बरीचशी याची. हे एडॅम-१७ प्रतिकारशास्त्रवाल्यांच्या जुन्या ओळखीचं आहे, १९९७ मध्ये टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारं प्रथिन पटलावरून सोडवणारं एन्झाइम म्हणून ते सापडलं. मेप्रिन-बीटा नावाचं आणखी एक एन्झाइम देठाला दुसऱ्या जागी कापतं, पण तुझ्या प्रश्नापुरतं ते बाजूला ठेवू.

काप बसला की डोकं आणि देठाचा वरचा भाग पाण्यात जातो. याला विरघळलेलं ट्रेम-२ म्हणतात. एलायझा, म्हणजे अँटिबॉडीने प्रथिन मोजणारी चाचणी, हेच मोजते. (थोडं ट्रेम-२ न कापताही विरघळलेल्या रूपात तयार होतं, कारण पटलातला भाग वगळून आरएनए जोडला जाण्याचा प्रकार माणसात आहे. म्हणजे ढिगातलं सगळं चिपाड चरकातून आलेलं नसतं. पुनरावलोकनाच्या लेखांत हे बहुतेक एका ओळीत उरकतात.)

बहुतेक विद्यार्थी इथे थांबतात: डोकं गेलं, सिग्नल संपला. पण पटलात काय उरलं ते बघ. उरलेल्या बुडख्यात ते १८६ वं लायसिन शाबूत आहे. म्हणजे डोकं नसलेला बुडखा डॅप-१२ला अजून धरून बसलेला आहे. एसटीत उतरून गेलेल्या माणसाचा रुमाल सीटवर तसाच, बसायला कोणी नाही आणि जागाही मोकळी नाही. तो रुमाल उचलायचं काम गॅमा-सिक्रिटेज करतं. ते बुडखा पटलाच्या आतच कापतं, आणि डॅप-१२ पुढच्या अख्ख्या ट्रेम-२साठी मोकळं होतं. २०१३ मध्येच दाखवलं गेलं की गॅमा-सिक्रिटेज अडवलं तर बुडखे साठतात आणि डॅप-१२ अडकून पडतं. तेव्हा "कापणं म्हणजे सिग्नल बंद" हे अर्धंच खरं. पहिली कात्री सिग्नल तोडते, दुसरी पुढच्या सिग्नलची जागा साफ करते.

ही दोन्ही नावं तू अल्झायमरच्या पहिल्याच धड्यात वाचली असशील. एडॅम-१० म्हणजेच अल्फा-सिक्रिटेज, जे अमिलॉइडच्या मूळ प्रथिनाला अशा जागी कापतं की बीटा-अमिलॉइड तयारच होत नाही. आणि गॅमा-सिक्रिटेज म्हणजे तेच एन्झाइम, जे शेवटचा काप मारून बीटा-अमिलॉइड सोडतं. म्हणजे मज्जापेशीत अमिलॉइड ठरवणारी कात्री आणि मायक्रोग्लियात ते अमिलॉइड ओळखणारा रिसेप्टर ठरवणारी कात्री एकच. औषध बनवणाऱ्यांची खरी पंचाईत इथे आहे. एडॅम-१० वाढवा: अमिलॉइड कमी व्हावं, पण ट्रेम-२ जास्त कापलं जावं. सोरायसिसवर देतात त्या ॲसिट्रेटिनने एडॅम-१० वाढवून बघण्याचा छोटासा प्रयत्न २०१४ मध्ये छापून आला, आणि पेशंटच्या सीएसएफमध्ये अल्फा काप मारलेला अमिलॉइडच्या मूळ प्रथिनाचा तुकडा खरोखर वाढलेला दिसला. त्याच नमुन्यांत ट्रेम-२चं काय झालं हे मला आवडीने वाचायला मिळालं असतं. गॅमा-सिक्रिटेज सरसकट अडवणाऱ्या सेमागासेस्टॅटची मोठी चाचणी २०१० मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांची स्मृती आणखी घसरली आणि त्वचेचे कर्करोग वाढले. त्याला नॉच (याच एन्झाइमने कापलं जाणारं दुसरं प्रथिन) आणि इतर बरीच कारणं सांगितली जातात. सगळा दोष ट्रेम-२च्या बुडख्यांना देणं मी धाडसाचं मानते. पण शंभराहून जास्त प्रथिनं कापणारं एन्झाइम आंधळेपणाने बंद केलं की काय होतं, याचा तो धडा होता.

आता तुझ्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ. माणसांत सापडलेले ट्रेम-२चे तीन बदल शेजारी ठेव, म्हणजे आकडा कसा फसवतो ते दिसेल.

पहिला टी-६६-एम. ६६ व्या जागी थ्रिओनिनऐवजी मिथिओनिन. हा बदल दोन्ही प्रतींत असला तर तरुणपणीच स्मृतिभ्रंश होतो. नासू-हाकोला रोगही याच कुळातला. १९७० च्या दशकात जपानमध्ये नासू आणि फिनलंडमध्ये हाकोला यांनी ज्याचं वर्णन केलं तो हा आजार: विशीत हाडांत पोकळ्या होऊन घोटे-मनगटं दुखतात, मोडतात, आणि पुढे चाळिशीच्या आसपास मेंदू ढासळतो. २००० मध्ये डॅप-१२ आणि २००२ मध्ये ट्रेम-२ हे त्यामागचे जनुक सापडले. रिसेप्टर बिघडला काय आणि जोडीदार बिघडला काय, रोग तोच होतो. त्या जोडीचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही. टी-६६-एममध्ये प्रथिनाची घडी चुकते, ते पेशीच्या आतच अडकतं, पृष्ठभागावर पोचतच नाही. कात्री पृष्ठभागापाशी वाट बघत राहते. २०१४ मध्ये म्युनिकच्या गटाने दाखवलं की अशा बदलाच्या व्यक्तीच्या सीएसएफमध्ये विरघळलेलं ट्रेम-२ जवळपास नसतंच. ढीग नाही, कारण ऊस नाही.

दुसरा एच-१५७-वाय. हा बदल अगदी कापाच्या जागेवरच. हान चिनी लोकांतल्या अभ्यासात तो अल्झायमरच्या धोक्याशी जोडला गेला. यात देठ जास्त सहज कापला जातो: पृष्ठभागावर रिसेप्टर कमी, पाण्यात तुकडे जास्त. ढीग मोठा, अंगणात ऊस कमी.

तिसरा सर्वात प्रसिद्ध, आर-४७-एच. २०१२ च्या शेवटी दोन गटांनी एकाच वेळी जाहीर केला. त्यातल्या एकाची आकडेवारी आइसलँडची होती. एक प्रत असली तरी धोका साधारण तिप्पट, म्हणजे अपोई-४ची (अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या अपोईच्या प्रकाराची) एक प्रत असण्याच्या जवळपास. इथे रिसेप्टर पृष्ठभागावर पोचतो, कापलाही जातो, फक्त डोक्याची पकड ढिली असते. लिपिड नीट धरता येत नाही. पाण्यातला आकडा कमी भरत नाही. ढीग आहे, चरक आहे, पण उसात रस नाही.

तीन बदल, तिघांचा परिणाम वाईटाकडे, आणि पाण्यातले आकडे तीन तऱ्हेचे. एखाद्या विद्यार्थ्याने फक्त एलायझाच्या आकड्यावरून "सिग्नल वाढला" असं लिहून आणलं की मी त्याला हे तीन बदल फळ्यावर काढायला लावते.

मग तुझ्या दुसऱ्या पेपरातल्या पेशंटचं काय? त्यांच्यात यांतला कोणताही बदल नसतो. त्यांचं ट्रेम-२ धडधाकट. मेंदूत अमिलॉइड साठतं, मज्जापेशी दुखावतात, मायक्रोग्लिया तिकडे धावतात आणि ट्रेम-२ जास्त बनवतात. पृष्ठभागावर जास्त आलं म्हणून जास्त कापलं जातं, म्हणून पाण्यात वाढतं. घराण्यातून येणाऱ्या अल्झायमरच्या कुटुंबांचा अभ्यास २०१६ मध्ये आला. त्यात लक्षणं दिसायच्या अपेक्षित वयाआधी साधारण ५ वर्षं हा आकडा चढलेला दिसला, अमिलॉइडचे बदल झाल्यानंतर. २०१९ मध्ये दुसरं दिसलं: मज्जापेशींच्या इजेच्या मानाने, म्हणजे फॉस्फो-टाऊच्या (मज्जापेशींतल्या टाऊ या प्रथिनाच्या फॉस्फेट चढलेल्या रूपाच्या) तुलनेत, ज्यांच्यात विरघळलेलं ट्रेम-२ जास्त, त्यांची घसरण हळू. त्या "तुलनेत" शब्दाखाली रेघ मार. तो पेपर नुसत्या आकड्याबद्दल बोलत नाही. इजा तेवढीच असताना ज्याच्या मायक्रोग्लियाने जास्त जोर लावला तो तगला, एवढंच म्हणतो. इथे जास्त चिपाड म्हणजे जास्त ऊस आला. चरक बिघडून जोरात फिरला असा त्याचा अर्थ नाही.

हा आकडा अल्झायमरची खूणही नाही, बरं का. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये तो वाढतो हे २००८ पासून माहीत आहे. वय वाढलं तरी वाढतो. साठीच्या पेशंटशी चाळिशीचे निरोगी लोक ताडून पाहिलेत तर जे दिसेल ते वय असेल.

आता एक गाठ, जी माझ्याकडूनही पूर्ण सुटत नाही. कापलेला तुकडा नुसतं चिपाड नाही, त्याचं स्वतःचं काम आहे असं दाखवणारे प्रयोग आहेत. विरघळलेलं ट्रेम-२ मायक्रोग्लियाला जगवतं असं २०१७ मध्ये आलं, आणि उंदरांच्या मेंदूत ते टोचल्यावर अमिलॉइड कमी झालं असं २०१९ मध्ये. त्याहून चक्रावणारी गोष्ट म्हणजे तो एच-१५७-वाय बदल उंदरात घातला तेव्हा विरघळलेलं ट्रेम-२ वाढलं आणि अमिलॉइड कमी भरलं. हे २०२३ चं काम. माणसात धोका, उंदरात फायदा. माझं मत विचारशील तर उंदरात फक्त अमिलॉइड भरलेलं असतं, टाऊचा गुंता आणि सत्तर वर्षांचं आयुष्य नसतं, त्यामुळे तिथला फायदा मी जपूनच मोजते. पण चिपाडं जाळूनच गुऱ्हाळाची चुलवण पेटते, हेही विसरून चालत नाही. माझी उपमा इथे माझ्यावरच उलटते, आणि उलटू दे.

तुझ्या पहिल्या पेपरातली अँटिबॉडी म्हणजे बहुधा ४-डी-९. ती देठाला, कापाच्या जागेजवळ चिकटते. दोन कामं साधते: एडॅमला अडवते, आणि दोन हातांनी दोन रिसेप्टर जवळ आणून सिकला जागं करते. २०२० च्या त्या कामात उंदरांचे मायक्रोग्लिया जास्त खाऊ लागले, अमिलॉइड कमी झालं. कल्पना सुंदरच होती. माणसांतल्या मोठ्या चाचणीपर्यंत पोचलेली ट्रेम-२ची अँटिबॉडी वेगळी, अलेक्टर कंपनीची एएल-००२. सुरुवातीच्या अल्झायमरमधल्या त्या चाचणीचा निकाल नोव्हेंबर २०२४ मध्ये आला: आजार मंदावला नाही. अपयशापेक्षा तपशील वाचण्यासारखा आहे. औषध मेंदूत पोचलं होतं, सीएसएफमधलं विरघळलेलं ट्रेम-२ अपेक्षेप्रमाणे उतरलं होतं, मायक्रोग्लियाने प्रतिसाद दिल्याच्या खुणाही होत्या. ज्या आकड्याने औषध लागू पडलंय असं सांगितलं, त्या आकड्याने पेशंट सुधारेल असं कधीच सांगितलं नव्हतं. टी-६६-एममध्येही तोच आकडा उतरतो, आठवतंय ना?

चाचणी का फसली यावर प्रत्येकाचं एकेक मत आहे. मला वाटतं वेळ चुकली. कुटुंबांच्या अभ्यासात मायक्रोग्लिया लक्षणांच्या ५ वर्षं आधीच कामाला लागलेले दिसतात. लक्षणं आल्यावर आधीच पळत असलेल्या बैलाला पराणी लावून किती फरक पडणार? पण हे मत आहे, निष्कर्ष म्हणून तुझ्या प्रबंधात घालू नकोस.

प्रबंधाचं निघालंच आहे तर कामाचं थोडं सांगते, कारण प्रश्नाखाली तू "माझ्या पेशींत ट्रेम-२चं शेडिंग (कापून सुटणं) मोजायचं आहे" असंही लिहिलं आहेस.

एकाच प्लेटमधून चार गोष्टी काढ: वरच्या माध्यमातला तुकडा, पृष्ठभागावरचा रिसेप्टर, आतला एकूण रिसेप्टर, आणि फॉस्फो-सिक, म्हणजे फॉस्फेट बसलेलं जागं सिक. पहिला एकटा कधीही छापू नकोस. वेस्टर्न ब्लॉटवर (जेलमध्ये प्रथिनं आकाराने वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याच्या पद्धतीत) अख्खं ट्रेम-२ एका रेघेत दिसणार नाही, पसरट धब्बा दिसेल, कारण त्यावर साखरेच्या साखळ्या कमी-जास्त चढलेल्या असतात. खाली रेखीव पट्टी दिसली तर ते अजून पक्व न झालेलं, आत अडकलेलं ट्रेम-२. टी-६६-एममध्ये धब्बा जातो आणि ती पट्टी उरते. बुडखा तर नुसता दिसतच नाही, गॅमा-सिक्रिटेज त्याला लगेच संपवतं. डीएपीटी हे गॅमा-सिक्रिटेज रोखणारं रसायन घालून अडवलंस तर जेलच्या तळाशी उगवेल. न उगवल्यास जेलची टक्केवारी वाढव, मग अँटिबॉडी कुठल्या टोकाची आहे ते तपास. डोक्याला चिकटणाऱ्या अँटिबॉडीने बुडखा शोधत दोन महिने घालवलेले लोक मी पाहिलेत.

पेशी फोडताना प्रोटिएज इन्हिबिटरची गोळी टाकतेस तिचं लेबल वाच. ईडीटीए नसलेली गोळी मेटॅलोप्रोटिएज अडवत नाही. म्हणजे ज्या कात्रीचा अभ्यास करतेस ती सोडून बाकी सगळ्या तू बंद केलेल्या असतात, आणि बर्फावर ठेवलेल्या नळीतही थोडा काप चालू राहतो. एडॅमपैकी कोण ते वेगळं करायचं तर जीआय-२५४०२३-एक्स हे औषध एडॅम-१०कडे जास्त झुकतं. पण मात्रा वाढवलीस की एडॅम-१७लाही लागतं, म्हणून जोडीला जनुक बंद करून बघ.

आणि एक आमच्याच बाकावरची गोष्ट. एकदा एका बदलाच्या पेशींत पृष्ठभागावरचं ट्रेम-२ निम्म्यावर आलेलं दिसलं. तीन वेळा तेच. आनंदात आकृती बनवली, गटात दाखवली, नाव काय द्यायचं यावर चहा झाला. चौथ्या वेळी काम दुसऱ्या मुलाने केलं आणि फरक गायब. आठवडाभर माध्यम, सिरम, अँटिबॉडीची बाटली सगळं तपासलं. शेवटी दोघांना शेजारी उभं करून हात बघितले. बदलाच्या पेशी प्लेटला जरा घट्ट चिकटायच्या, म्हणून पहिली मुलगी फक्त त्याच सोडवायला ट्रिप्सिन घालत होती, बाकीच्या नुसत्या ईडीटीएने सुटत होत्या. ट्रिप्सिन हेही प्रथिन कापणारं एन्झाइमच. आमचा रिसेप्टर एडॅमने नव्हे, फ्रीजच्या दारातल्या त्या गुलाबी बाटलीने कापला होता. तेव्हापासून आमच्याकडे फ्लो सायटोमेट्रीच्या (एकेका पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन मोजायच्या) पेशी थंड ईडीटीएतच सुटतात, वेळ लागला तरी. तूही तसंच कर, आणि सगळ्या प्लेटना एकच वेळ दे.